पिंग होतंय, पण पट्टी निघत नाही: कळमन्यातल्या एका सर्व्हरचं प्रकरण

नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका धान्याच्या अडत दुकानाचा सगळा हिशोब एकाच सर्व्हरवर चालतो. त्यावर उबंटू २२.०४ (लिनक्सचा एक प्रकार) आहे, उबंटूवर एलएक्सडी, आणि एलएक्सडीत दोन कंटेनर, म्हणजे एकाच मशीनच्या आत वेगळ्या ठेवलेल्या जणू दोन छोट्या मशीन. एकात हिशोबाचा प्रोग्राम, त्याचं नाव ‘हिशोब’. दुसऱ्यात पोस्टग्रेसचा डेटाबेस, त्याचं नाव ‘खाते’. प्रोग्राममध्ये हंगामाप्रमाणे सारखे बदल होतात, आणि त्या गडबडीत डेटाबेसला कोणाचा हात लागू नये म्हणून दोन्ही वेगळे ठेवलेले. या यंत्रणेची देखभाल आमच्याकडे आहे.

एप्रिलात हरभरा आणि तुरीची आवक जोरात असते. मौदा, कामठी, उमरेड, रामटेककडचे शेतकरी पहाटेच माल घेऊन येतात. लिलाव झाला, काट्यावर वजन झालं की हिशोबपट्टी निघते: किती क्विंटल, काय भाव, हमाली-तोलाई किती कापली, हातात किती. पट्टी हातात पडल्याशिवाय पैसे नाहीत, आणि पैसे घेतल्याशिवाय कोणी परतीची गाडी धरत नाही. त्यामुळे पट्टी अडली की उन्हात उभा राहतो तो शेतकरी.

त्या दिवशी तेच झालं. आदल्या रात्री वीज गेली होती, यूपीएस उतरला, सर्व्हर बंद पडला आणि वीज आल्यावर आपोआप चालू झाला. सकाळी लॉगिनची खिडकी नेहमीसारखी उघडली. पण पासवर्ड टाकला की पान फिरत राहायचं, आणि बऱ्याच वेळाने ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ असा संदेश यायचा. दिवाणजींनी वाट न पाहता कार्बनचं पट्टीबुक काढलं आणि हाताने लिहायला बसले. आमच्याकडे काम करणारा मुलगा तिथे आधी पोहोचला. मी पोहोचेपर्यंत त्याने दोन्ही कंटेनर बंद-चालू केले होते आणि पोस्टग्रेसच्या परवानगीच्या फाइलमध्ये बदल करायला घेतला होता. तो मी थांबवला, कारण पडद्यावरचा संदेशच सांगत होता की दोष तिथे नाही.

‘टाइम्ड आउट’ आणि ‘रिफ्यूज्ड’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा, डेटाबेसपर्यंत पोहोचलं आणि तिथे ऐकायला कोणी नसलं, तर समोरून लगेच नकार येतो: ‘रिफ्यूज्ड’. परवानगीच्या फाइलमध्ये गडबड असेल तर पोस्टग्रेस स्वतः स्पष्ट शब्दांत सांगतो की या पत्त्यासाठी नोंद नाही. इथे काहीच उत्तर येत नव्हतं. ‘हिशोब’मधून पोस्टग्रेसच्या ५४३२ पोर्टवर (तो ज्या क्रमांकाच्या दारावर ऐकतो तिथे) हाताने जोडणी करून पाहिली, तर ती दोन मिनिटांहून जास्त लटकली. या सर्व्हरवरचा लिनक्स पहिलं पॅकेट पाठवल्यावर उत्तर आलं नाही तर ते आणखी सहा वेळा पाठवतो, दर वेळी थांबण्याची वेळ दुप्पट करत. सगळं मिळून १२७ सेकंद होतात. इतका वेळ पूर्ण शांतता असेल तर पॅकेट वाटेत कुणीतरी गुपचूप टाकून देतंय, असंच धरून चालावं. डेटाबेसच्या सेटिंग्जना हात लावायची गरज नाही.

मुलाचा मात्र वेगळाच पेच होता. त्याने ‘हिशोब’मध्ये जाऊन ‘खाते’ला नावाने पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का ते पाहणारी चाचणी) केलं होतं आणि पिंग व्यवस्थित होत होतं. म्हणाला, “सर, पिंग तर होऊन राहिलं ना, मंग प्रोग्रामच काहून अडते?”

“अरे, उत्तर कोणत्या पत्त्यावरून येऊन राहिलं ते वाच आधी,” मी म्हटलं.

पत्ता एफडी४२ ने सुरू होणारा होता, म्हणजे आयपीव्ही६, नव्या पद्धतीचा; जुन्या पद्धतीचा तो आयपीव्ही४. एलएक्सडी आपल्या ब्रिजवर, म्हणजे कंटेनर जिथे जोडलेले असतात त्या आतल्या जाळ्यावर, कंटेनरांना दोन्ही प्रकारचे पत्ते देतो आणि दोन्ही त्यांच्या नावाला जोडतो. नावाने पिंग केलं की यंत्रणा आधी आयपीव्ही६ ची वाट धरते. प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये मात्र डेटाबेसचा आयपीव्ही४ पत्ता आकड्यांत लिहिलेला: १०.४१.७.३०. त्याच पत्त्यावर, आयपीव्ही४ ची सक्ती करून पिंग केलं तर एकही उत्तर नाही. ज्या पिंगवर सगळे विसंबले होते ते प्रोग्रामच्या वाटेने जातच नव्हतं. आमचा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला असता, म्हणून हे लांबवून सांगतोय.

आता कुठून कुठे पोहोचतं आणि कुठून नाही, एवढंच तपासायचं होतं. सर्व्हरवरून थेट डेटाबेसला जोडलं तर लगेच जोडलं गेलं. ‘हिशोब’मधून सर्व्हरच्या ब्रिजवरच्या पत्त्याला, म्हणजे १०.४१.७.१ ला पिंग केलं, तेही झालं. नावांचे पत्ते नीट मिळत होते, कारण ते सांगणारा डीएनएसमास्क सर्व्हरवरच बसलेला असतो. दुकानातल्या कॉम्प्युटरवर लॉगिनचं पान उघडत होतं, कारण ते पान एलएक्सडीच्या प्रॉक्सी उपकरणातून येतं. ती एक वेगळी प्रोसेस असते. बाहेर सर्व्हरच्या पोर्टवर ऐकते आणि आत कंटेनरच्या नेटवर्कमध्ये शिरून जोडणी करते. पण ‘हिशोब’मधून ‘खाते’कडे काही जात नव्हतं, आणि ‘हिशोब’मधून इंटरनेटकडेही काही जात नव्हतं. पॅकेजची यादी ताजी करायला सांगितली तर तीही लटकली. इंटरनेट बंद असल्याचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण दिवसभर त्याची गरजच पडत नाही.

यात एक आखणी दिसते. सर्व्हरपर्यंत येणारं किंवा सर्व्हरवरून निघणारं सगळं चालू, आणि सर्व्हरमधून पलीकडे जाणारं सगळं बंद. लिनक्सच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे कोणतं पॅकेट जाऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या यंत्रणेत, या तीन वाटांना तीन वेगळ्या चेन, म्हणजे नियमांच्या याद्या, आहेत: इनपुट, आउटपुट आणि फॉरवर्ड. बंद असलेली प्रत्येक गोष्ट फॉरवर्डच्या वाटेवरची होती.

पण इथेच एक आक्षेप उभा राहतो, आणि तो रास्त आहे. दोन्ही कंटेनर एकाच ब्रिजवर, एकाच नेटवर्कमध्ये आहेत. ब्रिज म्हणजे सर्व्हरच्या आतला स्विच. एकाच स्विचवरच्या दोन मशीन आपसात बोलतात तेव्हा राउटरच्या नियमांचा संबंध येत नाही. मग फॉरवर्ड चेन मध्ये कुठून आली? हा प्रश्न बाजूला ठेवला असता तर अंदाजावर औषध दिल्यासारखं झालं असतं, म्हणून आधी पॅकेट नेमकं कुठे हरवतं ते पाहिलं.

प्रत्येक कंटेनरला सर्व्हरच्या बाजूने एक वेथ असते. आभासी केबल म्हणा: एक टोक कंटेनरच्या आत, दुसरं ब्रिजला. दोन्ही कंटेनरांच्या वेथवर टीसीपीडंप (जाणारी-येणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम) लावला. ‘हिशोब’च्या वेथवर ५४३२ कडे निघालेलं जोडणीचं पहिलं पॅकेट दिसत होतं, थोड्या वेळाने तेच परत, मग परत. ‘खाते’च्या वेथवर ते एकदाही उमटलं नाही. एआरपी मात्र दोन्हीकडे दिसत होतं. ‘हा पत्ता कोणाचा’ असा प्रश्न जात होता, ‘माझा’ असं उत्तर येत होतं आणि ‘हिशोब’च्या शेजाऱ्यांच्या यादीत ‘खाते’चा मॅक पत्ता ताजा होता. म्हणजे केबल शाबूत, ब्रिज शाबूत. फक्त आयपीव्ही४ ची पॅकेटं आत गेली की गायब. आयपीटेबल्सचे, म्हणजे फायरवॉलचे आयपीव्ही४ साठीचे, नियम एआरपीला लागत नाहीत, आणि आयपीव्ही६ साठी नियमांचा वेगळा तक्ता असतो. लक्षणं एकमेकांशी जुळायला लागली.

एमटीयूची (एका पॅकेटच्या कमाल आकाराची) शंकाही इथेच निकालात निघाली. पॅकेटच्या आकाराचा घोळ असता तर जोडणी झाली असती, छोटं पिंग गेलं असतं आणि मोठा डेटा आला की अडलं असतं. इथे पहिलं चिमुकलं पॅकेटच पोहोचत नव्हतं.

फॉरवर्ड चेन आकड्यांसह काढून पाहिली. पॉलिसी, म्हणजे कोणताच नियम लागला नाही तर काय करायचं: ड्रॉप, टाकून द्या. शेजारी टाकलेल्या पॅकेटांचा आकडा. ‘हिशोब’मधून पिंग चालू ठेवलं आणि तीच चेन पुन्हा पाहिली, तर आकडा पिंगच्या तालावर वाढत होता. मग चेनच्या शेवटी लॉगचा नियम घातला, जेणेकरून टाकण्याआधी पॅकेटची नोंद व्हावी. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये ओळी आल्या: आत येण्याचं उपकरण एलएक्सडीबीआर०, बाहेर जाण्याचं उपकरणही एलएक्सडीबीआर०, आणि पुढे आत येणारी वेथ एक, बाहेर जाणारी वेथ दुसरी. एकाच ब्रिजमधून आत आणि त्याच ब्रिजमधून बाहेर जाणारं पॅकेट फॉरवर्ड चेनमध्ये उभं आहे, याचा हा कर्नलने लिहून दिलेला पुरावा होता.

हे घडवून आणणाऱ्या कर्नल मॉड्यूलचं नाव बीआर नेटफिल्टर. लिनक्स ३.१८ पासून ते वेगळं मॉड्यूल आहे. ते लोड झालं की ‘ब्रिज-एनएफ-कॉल-आयपीटेबल्स’ ही सेटिंग १ असते आणि ब्रिजच्या आतली आयपी पॅकेटंही आयपीटेबल्समधून फिरवून आणली जातात. या सर्व्हरवर ती १ होती. मॉड्यूल आणलं होतं डॉकरने, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या दुसऱ्या एका यंत्रणेने.

डॉकर काही आठवड्यांआधी बसवला होता. दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याचं वजन थेट कॉम्प्युटरवर यावं म्हणून एक छोटी सेवा होती, ती डॉकरमध्येच तयार मिळाली. ती आजही नीट चालत होती आणि पडद्यावर वजन येत होतं, म्हणून डॉकरवर कोणाचा संशयच नव्हता. उबंटूचा ‘यूएफडब्ल्यू’ बंद आहे हेही मुलाने पाहिलं होतं आणि त्यावरून फायरवॉल नाहीच असं धरलं होतं. यूएफडब्ल्यू हे नियम लिहिण्याचं एक साधन आहे. ते बंद असलं तरी दुसरा प्रोग्राम त्याच कर्नलमध्ये स्वतःचे नियम लिहू शकतो, आणि डॉकर नेमकं तेच करतो.

डॉकरची ही वागणूक दडवलेली नाही, चूकही नाही. १.१३ या २०१७ च्या आवृत्तीपासून तो फॉरवर्डची पॉलिसी ड्रॉप करतो. त्याआधी त्याच नेटवर्कमधली दुसरी मशीन सर्व्हरमधून रस्ता काढून थेट कंटेनरच्या पोर्टपर्यंत पोहोचू शकत होती. ते बंद करण्यासाठी हा बदल झाला. डॉकर स्वतःच्या कंटेनरांसाठी वाट मोकळी ठेवतो. एलएक्सडीचा ब्रिज त्याच्या लेखी परका.

मग एलएक्सडीने आपली वाट का राखली नाही? राखली होती. एनएफटेबल्स या कर्नलमधल्या फायरवॉल यंत्रणेचे सगळे नियम पडद्यावर आणून पाहिले तर एलएक्सडीचा स्वतंत्र तक्ता दिसत होता आणि त्यात या ब्रिजच्या पॅकेटांना स्पष्ट परवानगीही होती. पण एनएफटेबल्समध्ये एका तक्त्यातली परवानगी अंतिम नसते. पॅकेट त्याच टप्प्यावरच्या पुढच्या तक्त्याकडे जातं, आणि तिथे ड्रॉप झालं की विषय संपला. परवानगी सगळ्यांची लागते, नकार एकाचा पुरतो.

एवढं कळल्यावर तात्पुरता उपाय एका ओळीचा होता. डॉकरने १७.०६ पासून ‘डॉकर-यूजर’ नावाची चेन खास वापरणाऱ्याच्या नियमांसाठी राखून ठेवली आहे. डॉकर पुन्हा सुरू झाला तरी तिच्यातल्या नियमांना तो हात लावत नाही. तिच्यात नियम घातला: एलएक्सडीबीआर० मधून आत आणि एलएक्सडीबीआर० मधूनच बाहेर जाणारं सगळं जाऊ द्या. क्षणात पिंग सुरू झालं, प्रोग्राम उघडला, प्रिंटरने पहिली पट्टी काढली. दिवाणजींनी हाताने लिहिलेल्या पट्ट्या दुपारी प्रोग्राममध्ये चढवल्या. इंटरनेटसाठी आणखी दोन नियम लागले: ब्रिजमधून बाहेर पडणाऱ्यांना परवानगी, आणि बाहेरून परत येणाऱ्यांत फक्त आधी सुरू झालेल्या जोडण्यांच्या उत्तरांना.

गर्दीत कोणीतरी फोनवर सुचवलं होतं, सगळे नियम पुसून टाका. ते केलं असतं तर हाल वाढले असते. नियम पुसले तरी पॉलिसी पुसली जात नाही. ड्रॉप तसाच राहिला असता आणि वर डॉकरचे स्वतःचे नियम गेल्यामुळे काटाही बंद पडला असता.

मग इतके दिवस कसं चाललं?

दुकानमालकांनी हेच विचारलं, आणि मला त्यांचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा वाटला. डॉकर आठवड्यांआधी बसला, त्या दिवसापासून त्याच सर्व्हरवर पट्ट्या निघत होत्या. मग आजच का?

उत्तर डॉकरच्या एका बारीक अटीत आहे. एका उपकरणावरून दुसऱ्याकडे पॅकेट पाठवायला कर्नलमध्ये आयपी फॉरवर्डिंग चालू लागतं. सुरू होताना डॉकर ते आधीपासून चालू आहे का हे पाहतो. नसेल तर स्वतः चालू करतो, आणि स्वतः चालू केलं तरच पॉलिसी ड्रॉप करतो. आधीच चालू असेल तर पॉलिसीला हात लावत नाही, कारण कोणीतरी ते जाणूनबुजून चालू ठेवलेलं असणार. डॉकर बसवला तेव्हा एलएक्सडी चालू होता आणि फॉरवर्डिंग त्याने आधीच चालू केलेलं होतं. म्हणून पॉलिसी मोकळीच राहिली. बीआर नेटफिल्टर त्याच दिवशी लोड झालं, पॅकेटं फॉरवर्ड चेनमधून फिरायलाही लागली, पण तिथे अडवणारं कोणी नव्हतं.

मधल्या काळात सर्व्हर एकदाही बंद झाला नाही. वीज गेल्यानंतर पहिल्यांदाच डॉकर आणि एलएक्सडी दोन्ही शून्यापासून सुरू झाले, आणि बूटच्या नोंदींत डॉकरची वेळ आधीची होती, एलएक्सडीची नंतरची. फॉरवर्डिंग बंद असताना डॉकर आला, त्याने ते चालू केलं, पॉलिसी ड्रॉप केली. मागून आलेल्या एलएक्सडीला फॉरवर्डिंग चालू दिसलं आणि तो आपल्या कामाला लागला.

हे नुसतं पटणारं स्पष्टीकरण राहू नये म्हणून ऑफिसातल्या रिकाम्या मशीनवर तीच जुळणी करून पाहिली. फॉरवर्डिंग चालू ठेवून, पॉलिसी मोकळी करून डॉकर पुन्हा सुरू केला: पॉलिसी मोकळीच राहिली. फॉरवर्डिंग शून्य करून डॉकर पुन्हा सुरू केला: ड्रॉप. आयपीव्ही६ चा तक्ता दोन्ही वेळा जसाच्या तसा. या सर्व्हरवरचा डॉकर २७ च्या आधीचा होता, आणि त्या आवृत्त्या सांगितल्याशिवाय आयपीव्ही६ च्या नियमांत पडत नाहीत. नावाने केलेलं पिंग होत राहिलं ते यामुळे. डॉकर २७ पासून आयपीव्ही६ चे नियमही आपोआप लिहिले जातात, तेव्हा नव्या आवृत्तीवर हे लक्षण असंच दिसेल असं समजू नका.

कायमचं काय केलं

वाटा बऱ्याच होत्या. बूटच्या सुरुवातीलाच फॉरवर्डिंग चालू करून ठेवलं तर डॉकर पॉलिसी बदलणार नाही. एलएक्सडीच्या अधिकृत माहितीतही हा उपाय आहे. पण मग ज्या कारणासाठी डॉकरने ड्रॉप आणला तीच फट उघडी राहते, आणि दुकानाच्या वाय-फायवर बाहेरच्या लोकांचे फोनही असतात. ब्रिजची ती सेटिंग ० केली तर दोन कंटेनर आपसात बोलतील, पण इंटरनेट तसंच अडेल, शिवाय डॉकर आपल्या कंटेनरांना एकमेकांपासून वेगळं ठेवण्यासाठी त्याच सेटिंगवर विसंबू शकतो. डॉकर-यूजरमधले नियम डॉकरनंतर चालणाऱ्या सिस्टमडीच्या (बूटच्या वेळी सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेच्या) छोट्या सेवेत टाकले तर काम भागतं, आणि थोडे दिवस आम्ही तसंच भागवलंही. मला ते पुरेसं वाटलं नाही. दोन मोठ्या यंत्रणा एकाच नियमांच्या वहीत लिहीत राहणार आणि मध्ये आपण तिसरे, हे पुढच्या माणसाला कसं कळावं?

म्हणून डॉकरच सर्व्हरवरून काढला आणि एलएक्सडीच्या तिसऱ्या कंटेनरमध्ये बसवला. त्या कंटेनरला नेस्टिंगची, म्हणजे आत आणखी कंटेनर चालवण्याची, परवानगी द्यावी लागते. प्रत्येक कंटेनरचं नेटवर्क वेगळं असल्यामुळे त्याची फॉरवर्डिंगची सेटिंग आणि फॉरवर्ड चेनही वेगळी. आत डॉकर हवी ती पॉलिसी लावो, बाहेरच्या ब्रिजला त्याची झळ नाही.

खरं काम निघालं ते काट्याचं. काट्याचं इंडिकेटर आरएस-२३२ या जुन्या सिरीयल जोडणीवर बोलतं आणि यूएसबीच्या कन्व्हर्टरने सर्व्हरला जोडलेलं. डॉकर थेट सर्व्हरवर असताना ते उपकरण त्याला सहज दिसत होतं. आता ते आधी एलएक्सडीच्या कंटेनरला द्यायचं, मग तिथून डॉकरला. एलएक्सडीत त्यासाठी युनिक्स-कॅरेक्टर प्रकारचं उपकरण जोडता येतं, पण कंटेनर बिनअधिकाराचा (सर्व्हरवर रूटचे अधिकार नसलेला) असेल तर फाइलचा ग्रुप आणि परवानगी तिथेच ठरवून द्यावी लागते, नाहीतर आत उपकरण दिसतं आणि उघडत नाही. कन्व्हर्टर काढून पुन्हा लावला की नाव बदलू नये म्हणून उपकरणाच्या क्रमांकावरून पक्कं नाव देणारा यूडेव्हचा नियमही घातला.

बाजार बंद असताना सर्व्हर मुद्दाम प्लग काढून बंद केला आणि वीज आल्यावर जसा उठेल तसा उठू दिला. फॉरवर्डची पॉलिसी मोकळी, पट्टी निघते, काटा बोलतो. बूटनंतर चालणाऱ्या तपासणीतून नावाने पिंग करणं काढून टाकलं आहे. आता ती तपासणी ‘हिशोब’च्या आतून, प्रोग्राम वापरतो त्याच आयपीव्ही४ पत्त्यावर, ५४३२ पोर्टवर खरी जोडणी करते, आणि ती झाली नाही तर दिवाणजी दुकान उघडायच्या आधी आमच्या मुलाच्या फोनवर संदेश जातो.